बल्ब बदलले तरी बिल वाढलं: अमळनेरकडच्या एका घराचं एलईडी प्रकरण

मी वायरिंगची कामं करतो, अमळनेर-पारोळा-चोपडा या पट्ट्यात. एलईडी लावून काही फायदा नाही, बिल तेवढंच येतं आणि बल्ब दोन महिन्यांत जातात, हे मी इतक्या घरी ऐकलंय की एका घराचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढायचं ठरवलं. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं आणि ओळख पटेल अशा गोष्टी काढून टाकल्यात. आकडे मात्र त्यांच्या बिलावरचे आणि मी मोजलेले, जिथं अंदाज आहे तिथं तसं म्हटलंय.

पार्श्वभूमी

बोरी काठचं गाव. घरात नऊ माणसं, आबा आणि जिजी, दोघं भाऊ, दोघी सुना, तीन पोरं. मागचा भाग जुना धाब्याचा, पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, बाजूला खळं आणि त्यातच गोठा, चार म्हशी. मीटर एकच. शेतातल्या मोटारीचं कनेक्शन वेगळं, त्याचा इथं संबंध नाही.

वायरिंग दोन टप्प्यांत झालेलं. धाब्याच्या भागात लाकडी पट्टीवरची जुनी वायर, स्लॅबच्या भागात पाईपातून. जुन्या भागाचं काम कोणी केलं ते आता कोणालाच आठवत नाही, आणि खेड्यात हे अगदी नेहमीचं आहे, एका दिवाळीला एक पॉईंट वाढवला, लग्नाच्या वेळी दुसरा, असं करत करत बोर्ड वाढत जातो.

उजेडाची सोय अशी होती. ओसरीत आणि माजघरात जुन्या पट्टीच्या ४० व्हॅटच्या ट्यूब, तांब्याच्या चोकवाल्या. चोक स्वतः १२ व्हॅटच्या आसपास खातो त्यामुळं एक ट्यूब प्रत्यक्षात ५२ व्हॅटला पडते, हे बहुतेकांना माहीतच नसतं कारण ट्यूबवर ४० लिहिलेलं असतं. झोपायच्या दोन खोल्यांत तशाच ट्यूब. सैपाकघरात ६० चा पिवळा बल्ब, न्हाणीत ६०, संडासात ४०. दरवाज्यावर ६० चा, रात्रभर चालू. गोठ्यात १०० चा, तोही रात्रभर, विंचू-काट्याची भीती आणि रात्री एखादी म्हैस व्यायला आली तर अंधारात कुठं धडपडणार. आणि देवघरात लाल झिरोचा बल्ब, चोवीस तास.

२०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू झाली तेव्हा गावोगाव स्वस्तात एलईडी मिळाले होते, त्यातले दोन या घरातही आले होते. एक कुठं गेला पत्ता नाही, दुसरा धान्याच्या खोलीत आजही चालतोय. त्या योजनेचं एक काम मोठं झालं, सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला आणि मग बाजारात सगळीकडेच भाव पडले. पण भाव पडले तसे बिनखोक्याचे, बिननावाचे बल्बही आठवडे बाजारात ढिगानं यायला लागले.

अडचण कशी उभी राहिली

धाकट्या भावानं फेब्रुवारीच्या शेवटी बाजारातून डझनभर एलईडी आणले. ४०-५० रुपयांना एक, विकणारा म्हणाला वर्षाची गॅरंटी, बिल नाही खोकं नाही. सैपाकघर, न्हाणी, संडास इथले पिवळे बल्ब काढून ९ व्हॅटचे लावले, झोपायच्या खोल्यांतल्या ट्यूब बंद करून १२ व्हॅटचे बल्ब लावले. ओसरी आणि माजघरातल्या ट्यूब चांगल्या चालताहेत म्हणून तशाच ठेवल्या. गोठा, दरवाजा आणि देवघर याला हात लावला नाही, कारण गोठ्यात चांगला बल्ब कशाला, आणि झिरो तर झिरोच आहे, त्याला काय लागतं.

मग पाठोपाठ चार गोष्टी झाल्या. एप्रिलचं बिल आलं, २६८ युनिट, आणि फेब्रुवारीचं होतं २०५. नवीन बल्ब लावल्यावर ६३ युनिट वाढले! दुसरं म्हणजे अक्षयतृतीयेपर्यंत अर्धे बल्ब गेले, काही पटकन बंद पडले, काही लुकलुकायला लागले. तिसरं, झोपायच्या एका खोलीतला बल्ब बटण बंद केलं तरी रात्री मंद जळत राहायचा, पोरं घाबरायची. आणि चौथं जिजीचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते पुढं सांगतो.

आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या, घर भरलेलं, आणि सगळ्यांसमोर आबांनी निकाल दिला, "हाई लाईट आमले नको." पिवळे बल्ब परत आणा. धाकटा नाराज, कारण पैसे त्याचे गेलेले आणि वर बोलणीही त्यालाच. अशा वेळी मला बोलावलं, खरं तर पिवळ्या बल्बचे होल्डर नीट करून द्यायला.

मोजल्यावर काय दिसलं

मी आधी बिलं मागितली. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो आणि जिजींनी जुनी बिलंही देवघराच्या फडताळात नीट लावून ठेवलेली. गेल्या वर्षीच्या एप्रिलला २८६ युनिट होते, यंदा २६८. म्हणजे बचत झाली होती, १८ युनिटची. पण फेब्रुवारीशी तुलना केल्यामुळं ती कोणाला दिसली नाही. खान्देशात एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको, जळगाव-भुसावळकडं पारा ४४-४५ ला जातो, पंखे रात्रंदिवस, आणि कूलर बाहेर निघतो. या घरचा कूलर १८० व्हॅटचा, आठ तास चालला तरी महिन्याला ४३ युनिट. सगळी बचत उन्हाळ्यानं झाकून टाकली. म्हणून वर्षातला तोच महिना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून बघायचा, मागच्या महिन्याशी नाही.

मग प्रत्येक दिव्याचे तास विचारले. हे काम धाकट्या सुनेनं केलं, वहीच्या पानावर, कुठला दिवा किती वाजता लागतो किती वाजता बंद होतो, एकदम चोख. त्यावरून जुना हिशोब असा निघाला. गोठ्याचा १०० चा बल्ब रात्री अकरा तास, महिन्याला ३३ युनिट. दरवाज्यावरचा ६० चा, तेवढेच तास, जवळजवळ २० युनिट. देवघरातला झिरो, आणि इथं सगळे थांबले, कारण झिरोचा बल्ब शून्य वीज खात नाही, तो १५ व्हॅटच्या आसपास खातो, चोवीस तासाला महिन्याचे जवळपास ११ युनिट. आबांचा विश्वास बसेना. मी प्लगमध्ये लावायचं व्हॅटमीटर आणलं होतं, होल्डरला वायर जोडून झिरो त्यावर लावला आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. चौदा पॉईंट काहीतरी.

बाकीचं म्हणजे ओसरी-माजघराच्या ट्यूब मिळून १७, सैपाकघर ९, झोपायच्या खोल्या ९-१०, न्हाणी-संडास साडेचार. सगळा मिळून जुना उजेड महिन्याला १०४ युनिटच्या आसपास. त्यातले गोठा, दरवाजा आणि देवघर हे तीनच पॉईंट ६४ युनिटचे. आणि बल्ब बदलले गेले ते नेमके हे तीन सोडून. माणूस जिथं बसतो उठतो तिथला दिवा त्याला आधी दिसतो, साहजिक आहे, पण मीटर फिरवणारा दिवा बहुतेक वेळा जिथं कोणी नसतं तिथला असतो.

दिवे का जात होते ते वेगळं प्रकरण. गेलेल्यातला एक बल्ब मी सगळ्यांसमोर उघडला. वरची पांढरी टोपी फिरवून काढली की आत पत्र्यावर पिवळ्या ठिपक्यांसारख्या चिप असतात, त्यातल्या एकीच्या मध्ये टाचणीएवढा काळा डाग होता. या चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात, एक जळाली की पुढं करंट जात नाही आणि पूर्ण बल्ब बंद. दुसऱ्यात चिपा ठीक होत्या पण खालच्या सर्किटमधला कपॅसिटर फुगलेला. पत्रा इतका पातळ की गरमी बाहेर जाणार कशी. एलईडीला गरमी सोसत नाही, चिप स्वतः खूप वर्षं चालू शकते पण तिला वीज पुरवणारं सर्किट आधी मरतं, आणि मेच्या धाब्याखाली तर आणखी लवकर.

पण एवढे भराभर जायला फक्त हलका माल पुरेसा नव्हता. मल्टिमीटर लावलं तर संध्याकाळी व्होल्टेज २०५, आणि थोड्या वेळानं एकदम २६०. शेजारी विचारलं तर त्यांच्याकडं नेमकं उलटं, यांच्याकडं लख्ख तेव्हा त्यांच्याकडं मंद. समोरच्या गल्लीत एकाचा टीव्हीही गेलेला. फेज म्हणजे वीज घेऊन येणारी तार, आणि एका घरी उजेड वाढतो तेव्हा दुसऱ्या फेजवाल्याकडं कमी होतो, हे लक्षण न्यूट्रल ढिला असल्याचं. तिन्ही फेजचा परतीचा रस्ता न्यूट्रल असतो, तो डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, सैल झाला की जास्त लोडवाल्या फेजचं व्होल्टेज पडतं आणि कमी लोडवाल्याचं चढतं, न्यूट्रल पूर्ण तुटला तर घरात तीनशेच्या वरही जातं. अशा लाईनवर चांगला बल्बही किती टिकणार. पिवळे बल्बही याच कारणानं लवकर जात होते, जिजी म्हणाल्या की महिन्याला एक-दोन तर आणावेच लागायचे, पण ते पंधरा-वीस रुपयांचे, त्याचा हिशोब कोण ठेवतं.

रात्री मंद जळणाऱ्या बल्बचं कारण घरातच सापडलं. बटण बंद केलं आणि होल्डरमध्ये टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. म्हणजे त्या पॉईंटला बटण फेजवर नाही, न्यूट्रलवर जोडलेलं. पिवळ्या बल्बला एवढ्या गळतीच्या करंटनं काही होत नाही म्हणून वर्षानुवर्षं कळलं नाही, एलईडीला मात्र तेवढ्यावरही मंद पेटता येतं. भूत-बित काही नाही, पण हे भुतापेक्षा वाईट, कारण बटण बंद करून बल्ब बदलायला गेलेल्या माणसाच्या बोटाला होल्डरमध्ये जिवंत फेज लागतो. दरवाज्यावरचा पॉईंटही तसाच निघाला, आणि तिथं बल्ब बदलायला नेहमी थोरल्याचं पोरगं स्टुलावर चढायचं. हे ऐकल्यावर मोठ्या वहिनी मटकन खाली बसल्या. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात बिलापेक्षा मोठी गोष्ट ही सापडली.

आता जिजींचं. त्या म्हणत होत्या की नवीन लाईटात भाकरी कळत नाही. पोरं हसायची. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कळण्याची भाकरी, ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेली, आधीच राखाडी रंगाची, ती तव्यावर कुठं भाजली कुठं कच्ची ते रंगाच्या बारीक फरकावरूनच कळतं. बाजारातल्या त्या बल्बचा उजेड निळसर पांढरा आणि त्यात रंग नीट दिसत नाहीत, तांबूस डागही करडेच दिसायचे. बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा एक आकडा असतो, सीआरआय, पिवळ्या बल्बचा जवळजवळ १००, चांगल्या एलईडीचा ८० किंवा वर, आणि बिननावाच्या बल्बवर तो लिहिलेलाच नसतो. मी सैपाकघरात खिशातला लाल-तपकिरी वायरचा तुकडा दोन्ही उजेडात धरून दाखवला, त्यानंतर कोणी हसलं नाही.

आबांची तक्रार वेगळी, "डोया दुखतस." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि माजघरातून आतल्या खोलीतला उघडा बल्ब सरळ डोळ्यासमोर यायचा.

पर्याय आणि चर्चा

ओसरीत बसून चांगली तासभर चर्चा झाली, चहाचे दोन फेरे झाले. पिवळे बल्ब परत लावायचे हा आबांचा पर्याय होता, तो तासांची वही वाचल्यावर त्यांनी स्वतःच सोडला.

एका पाहुण्यानं सुचवलं की दोघा भावांच्या नावानं दोन मीटर घ्या, म्हणजे दोन्हीकडं शंभरच्या आत राहाल. यामागचं गणित असं की शंभर युनिटपर्यंतचा दर आणि १०१ ते ३०० चा दर यात जवळपास दुपटीचा फरक आहे, वर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क, त्यामुळं शंभरच्या वरचं प्रत्येक युनिट टोचतं. आबा म्हणाले चूल एक आहे तोवर मीटर एक. नियमानंही एकाच कुटुंबाला स्वस्त दराच्या टप्प्यासाठी मीटर तोडून घेणं बरोबर नाही, मीही तेच सांगितलं. तो विषय तिथंच संपला.

धाकट्याला सोलर हवं होतं. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोव्हॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, चांगली योजना आहे, आणि ऊन तर आपल्याकडं भरपूर. पण धाब्याच्या मातीच्या छतावर पॅनलचं स्ट्रक्चर उभं करता येत नाही आणि स्लॅबचा भाग लहान, त्यावर टाकीही आहे. शिवाय १०४ युनिट उजेडालाच जात असताना त्या वापरावर सोलरचा आकार ठरवायचा म्हणजे गळक्या टाकीसाठी मोठी मोटार घेण्यासारखं. आधी वापर कमी, मग सोलरचा विचार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवायची की पूर्ण पट्टी बदलायची हाही प्रश्न होता. जुनी पट्टी ठेवली तर चोक आणि स्टार्टर बायपास करावे लागतात, ट्यूबच्या प्रकाराप्रमाणं जोडणी बदलते, आणि पुढं कोणी अजाणतेपणी साधी ट्यूब लावली तर गडबड. पूर्ण नवी २० व्हॅटची पट्टी अडीचशेच्या आसपास मिळते. मी पूर्ण पट्टीच सुचवली.

राहिलं देवघर. धाकटा म्हणाला, रात्री बंद ठेवू. जिजींना ते मान्य नव्हतं आणि मलाही नाही. देवाजवळचा दिवा विझवा असं सांगायला मी जात नाही, आणि गरजही नव्हती, अर्ध्या व्हॅटचा एलईडी झिरो मिळतो, चोवीस तास ठेवला तरी महिन्याला अर्धा युनिट होत नाही. जिजींची अट एकच, उजेड लालच हवा, पांढरा नको. लाल मिळतो.

काय केलं, कोणत्या क्रमानं

सगळ्यात आधी डीपी. तोवर एकही नवीन बल्ब विकत घ्यायचा नाही असं ठरवलं. १९१२ या वीज तक्रारीच्या फोन नंबरवर तक्रार नोंदवली, पण एका घरापेक्षा गल्लीतल्या सहा-सात घरांनी आपापल्या ग्राहक क्रमांकानं नोंदवायची असं थोरल्यानं जमवलं, आणि माझ्या मते काम लवकर व्हायला तेच कारण झालं. लाईनमन आला, न्यूट्रलचा जोड काळा पडलेला होता, त्यानं साफ करून नवीन लग दाबून बसवला. त्यानंतर मी दोन संध्याकाळी मोजलं, २२० ते २३५ च्या मध्ये. एक गोष्ट ठासून सांगतो, डीपीला गावातल्या कोणीही स्वतः हात लावायचा नाही, वायरमननंही नाही. ते काम कंपनीच्या माणसाचंच, लाईन बंद करून.

मग घरातलं वायरिंग. न्यूट्रलवरची दोन्ही बटणं फेजवर घेतली, पोरांच्या खोलीतला मंद उजेड त्याच दिवशी गेला. स्लॅबच्या भागात एका बोर्डवर छोटा लाल दिवा असलेलं बटण होतं, त्यातूनही थोडा करंट बल्बकडं जातो, तेही साधं बसवलं. गोठ्याचा होल्डर गंजून शेणाच्या वाफेनं हिरवा पडला होता, तो काढून पाणी-धूळ आत जाणार नाही असा बंद फिटिंगचा १२ व्हॅटचा दिवा लावला, पिवळ्या उजेडाचा. पिवळा मुद्दाम, निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, आणि पावसाळ्यात म्हशींच्या अंगावर आधीच माशा-चिलटं कमी नसतात. अर्थिंग तपासलं तर नावालाच होतं, ते नवीन केलं, खर्चाचा मोठा भाग त्यातच गेला पण मी त्यात तडजोड करत नाही.

बल्ब तालुक्याच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. खोक्यावर काय बघायचं ते धाकट्याला दाखवलं. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक, आर अक्षरानं सुरू होणारा. व्हॅटच्या शेजारी ल्युमेन, ९ व्हॅटला ८०० ते ९०० तरी असावेत, खरा उजेड तोच आकडा सांगतो. किती व्होल्टेजपासून कितीपर्यंत चालतो, सर्ज, म्हणजे एकदम उसळलेलं व्होल्टेज, किती सहन करतो. रंग, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला. सैपाकघरात ९ चे दोन घेतले, ४००० चे, एक मध्ये आणि एक ओट्याच्या वर, कारण एकच बल्ब पाठीमागे असला की स्वतःचीच सावली तव्यावर पडते. जिजींनी त्या संध्याकाळी भाकरी करून बघितली आणि म्हणाल्या आता दिसतंय. ओसरी-माजघरात २० व्हॅटच्या पट्ट्या भिंतीवर वर लावल्या. आतल्या खोलीतला होल्डर दारासमोरून कोपऱ्यात सरकवला आणि ३००० चा बल्ब दिला, आबांचा प्रश्न मिटला. दरवाज्यावर ७ चा. दरवाज्यावर अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर लावायचं बोलणं झालं होतं पण आबा पहाटे उठून स्वतः बटण बंद करतात, ७ व्हॅटसाठी आणखी एक बिघडणारी वस्तू नको म्हणून सोडलं.

प्रत्येक बल्बच्या बुडाशी मार्करनं तारीख लिहिली आणि सगळी खोकी व बिल एका डब्यात. दोन वर्षांची गॅरंटी कागदाशिवाय मिळत नाही.

जुन्या ट्यूब खळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. ट्यूबमध्ये पारा असतो, फोडून उकिरड्यात टाकलं तर तो शेणखतात जातो आणि तेच खत वावरात. म्हणून अखंड ट्यूब खोक्यात भरून घरापासून बाजूला ठेवल्या, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायला.

निकाल

सगळा खर्च मजुरी आणि अर्थिंग धरून साडेतीन हजारांच्या आसपास, त्यात दिव्यांचे पैसे निम्म्यापेक्षा कमी.

नवीन हिशोबानं उजेडाचे महिन्याचे युनिट १०४ वरून १९ वर यायला हवेत, म्हणजे ८५ ची बचत, आणि त्यातली ५७ त्या तीन पॉईंटची. कूलर-पंख्याचा गोंधळ नको म्हणून आम्ही नोव्हेंबरचं बिल धरलं. गेल्या वर्षी नोव्हेंबर २२६, यंदा १४७. बचत ७९. सहा युनिट कमी पडले, तर त्याचं कारण धाकट्या वहिनींनीच शोधलं, एलईडीला काय लागतं म्हणून पोरं खोलीतला दिवा सोडून जायला लागली होती आणि माजघरातली पट्टीही उशिरापर्यंत चालू राहायची. हे खूप घरी होतं. तरी ७९ युनिट, सगळे शंभरच्या वरच्या दराचे, म्हणजे महिन्याला हजार रुपयांच्या घरात. आबांनी बिल दोनदा वाचलं.

श्रावणात कानबाई देवी बसली त्या रात्री घरातला एकूण एक दिवा रात्रभर चालू होता, भाऊबंद, पाहुणे, रोटांचा सैपाक, सगळं. घरभरच्या दिव्यांची बेरीज केली तर ११७-११८ व्हॅट. आधी एकट्या गोठ्याच्या बल्बला शंभर लागायचे.

जूनपासून आतापर्यंत एक बल्ब गेला, न्हाणीतला. तारीख होती, खोकं होतं, दुकानदारानं बदलून दिला. शेजारच्या सहा घरांचंही व्होल्टेज सुधारलं हे वेगळंच.

वेगळं काय करता आलं असतं

धाकट्याचा हेतू चांगला होता आणि एलईडी घेण्याचा निर्णयही बरोबरच होता, फक्त सुरुवात कुठून करायची ते उलटं झालं. फेब्रुवारीत डझनभर बल्बांऐवजी त्याच पैशात चांगले तीन घेतले असते, एक गोठ्याला, एक दरवाज्याला आणि देवघराला एलईडी झिरो, तर एप्रिलच्या उन्हाळ्यातही फरक डोळ्यात भरला असता आणि आखाजीला ते बोलणं ऐकावं लागलं नसतं. पैसे हातात कमी असतील त्या घराला मी हाच मार्ग सांगतो, जास्त तास जळणारा दिवा आधी, बाकीचे जसे जातील तसे बदला.

व्होल्टेज तपासणं आधी व्हायला हवं होतं. महिन्याला दोन पिवळे बल्ब जात होते तेव्हाच लाईन काहीतरी सांगत होती. बल्ब वारंवार जाणं, पंख्याचा वेग आपोआप बदलणं, शेजाऱ्याशी उलटसुलट उजेड होणं, यातलं काही दिसलं तर बल्बच्या कंपनीला बोल लावण्याआधी मल्टिमीटर लावून घ्यावं, कोणताही वायरमन पाच मिनिटांत सांगेल.

आणि घरात सैपाक करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय सैपाकघराचा बल्ब घेऊ नये. जिजींनी मार्चमध्येच सांगितलं होतं की दिसत नाही. तेव्हाच ते मनावर घेतलं असतं तर खोक्यावरचे आकडे बघायची वेळ तीन महिने आधी आली असती.

पोरांच्या सवयीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. थोरला म्हणतो बोर्डवर चिठ्ठी लावू, वहिनी म्हणतात पोरांनाच दर महिन्याला मीटरचं रीडिंग घ्यायला लावू. मला वहिनींचं पटतं, मोठा मुलगा सातवीत आहे, त्याला गुणाकार येतो.

पुढची चर्चा पंख्यांची चालू आहे. घरात चार जुने पंखे, प्रत्येकी ७५ व्हॅटच्या आसपास, नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास घेतो पण अडीच-तीन हजारांना पडतो, चारही एकदम घेणं जमणार नाही. पुन्हा तासांची वही काढली, आबांच्या खोलीतला पंखा सगळ्यात जास्त चालतो, उन्हाळ्यात वीस तास. होळीच्या आधी तो एक बदलायचा आणि एप्रिलचं बिल या एप्रिलच्या २६८ शी लावून बघायचं असं ठरलंय.